लखनौहून जुनी गाडी आणताय? खरा खर्च आधी मांडा

लखनौमध्ये पावणेचार लाखांना ठरलेली गाडी पुण्यात आपल्या दारात महाराष्ट्राचा नंबर लावून उभी राहते, तोवर ती जवळपास पावणेपाच लाखांची झालेली असते. वरच्या लाखभर रुपयांतला निम्मा भाग कर खातो. उरलेला रेल्वेचं तिकीट, पेट्रोल, टोल, मुक्काम, विमा आणि आरटीओ यांच्यात वाटला जातो. हा हिशोब निघण्यापूर्वी मांडणाऱ्याला सौदा फायद्याचा ठरू शकतो. गाडी आणल्यावर मांडणाऱ्याला तो हमखास महाग पडतो.

लखनौची गाडी घेण्यामागे सबळ कारणं असतात. लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालय तिथे आहे, त्यामुळे छावणीत मराठी घरं येत-जात असतात आणि बदली किंवा निवृत्तीच्या वेळी गाड्या विकल्या जातात. कुणाचा भाऊ तिथे नोकरीला असतो, तर कुणाला हवं तेच मॉडेल नेमकं तिथेच दिसतं. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा खाल्ला जातो, तो त्रास लखनौच्या गाडीला नसतो. माहितीतला पहिला मालक, वेळच्या वेळी झालेलं सर्व्हिसिंग आणि स्वच्छ कागद असतील, तर दीड हजार किलोमीटरचं अंतर ही काही अडचण नव्हे.

मात्र एक गोष्ट मनात पक्की धरावी. लखनौला आपण गाडी पाहायला जातो, पण विकत घेतो ते कागद. इंजिनात दोष निघाला तर पुण्यातही दुरुस्त होतो. कागदातला दोष दुरुस्त करायला पुन्हा लखनौच गाठावं लागतं.

नंबर प्लेटपासून सुरुवात

लखनौची नोंदणी यूपी ३२ या क्रमांकाने होते. दिसणारी गाडी यूपी ३२चीच आहे का, हे आधी पाहा. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हापासून तिथल्या उतारवयाच्या गाड्या आजूबाजूच्या राज्यांत स्वस्तात जाऊ लागल्या. लखनौ या क्षेत्रात येत नाही, पण गाझियाबाद (यूपी १४), नोएडा (यूपी १६) आणि मेरठ (यूपी १५) येतात. डीएल, यूपी १४ किंवा यूपी १६ नंबरची दहा वर्षांची डिझेल गाडी लखनौत फारच स्वस्त दिसली, तर त्या स्वस्ताईचं कारण हेच असू शकतं.

दिल्लीची गाडी लखनौत आणि लखनौहून महाराष्ट्रात, अशी दोनदा राज्य बदललेली गाडी शक्यतो टाळावी. प्रत्येक राज्यासोबत एक एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र), एक कर आणि एक पडताळणी वाढते.

नंबर हाती आला की घरबसल्या चार गोष्टी तपासता येतात. परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत दिसते. ई-चलनच्या पानावर थकलेले दंड दिसतात, आणि ते भरल्याशिवाय एनओसी अडकते. आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा नोंदलेला आहे का, हेही कळतं. बोजा असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. ‘कर्ज फिटलंय, फक्त नोंद काढायची राहिलीय’ असं सांगितलं, तर नोंद निघेपर्यंत थांबा. चौथी गोष्ट म्हणजे सर्व्हिसचा इतिहास. मालकाला कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रातून तो काढायला सांगा. किती किलोमीटरला कोणतं काम झालं ते त्यात तारखेनिशी असतं. मीटर मागे फिरवला असेल तर इथेच उघडं पडतं.

पाहणी: सकाळची वेळ, थंड इंजिन

गाडी पाहायला सकाळी जा आणि ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करा आणि मग किल्ली फिरवा. थंड इंजिन कसं उठतं, पहिल्या दहा सेकंदांत कसला आवाज करतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, यावरून बरंच कळतं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंटची पातळी घटलेली असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

उत्तर प्रदेशात पावसाळ्यात पाणी तुंबतं, तेव्हा गाडी पाण्यात गेली होती का हे स्वतः पाहावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. मालक सीट धुतो, गालिचा बदलतो, पण बेल्टचा आत गुंडाळलेला भाग सहसा तसाच राहतो, आणि चिखलाच्या पाण्याची रेघ तिथे दिसते. मग सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा आणि डॅशबोर्डखालचे वायरींचे सॉकेट पाहा. तिथे गंज किंवा वाळलेली माती असेल, तर गाडी कितीही चकचकीत असली तरी सोडून द्या. पाण्यात गेलेल्या गाडीची वायरिंग वर्षभराने त्रास देते.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२१’ असेल तर टायर २०२१ सालच्या २३व्या आठवड्यात बनला. २०२१च्या गाडीला मीटरवर २५ हजार किलोमीटर दिसताहेत आणि चारही टायर २०२४चे आहेत, तर विचारा: टायर इतक्या लवकर का बदलले? ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं कातडं आणि चालकाच्या सीटची कड यांवरूनही गाडीचं खरं चालणं कळतं.

लखनौत सीएनजीच्या गाड्या बऱ्याच आहेत. किट बाहेरून बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर असलीच पाहिजे. सिलिंडरची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते, तिचं प्रमाणपत्र मागा. नोंद नसलेलं किट महाराष्ट्राच्या आरटीओतही अडतं आणि विम्याच्या दाव्यातही.

आपल्याला समजत नसेल तर स्थानिक मेकॅनिक घ्या, पण विक्रेत्याने सुचवलेला नको. त्याला दीड-दोन हजार रुपये द्यावे लागले तरी ते सत्कारणी लागतात.

कागद: नेमके कोणते आणि कोणत्या क्रमाने

इथे घाई करायची नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधली तीन कलमं लक्षात ठेवली की सगळं सोपं होतं. कलम ४८ एनओसीचं, कलम ५० मालकी बदलण्याचं आणि कलम ४७ दुसऱ्या राज्यात नवा नंबर घेण्याचं.

एनओसीचा अर्ज विक्रेत्याने करायचा असतो, कारण नोंदणी त्याच्या नावावर आहे. अर्ज फॉर्म २८वर होतो. प्रक्रिया ऑनलाइन सुरू होते आणि लखनौच्या आरटीओत, म्हणजे ट्रान्सपोर्ट नगरच्या कार्यालयात किंवा गाडी जिथे नोंदली आहे तिथे, पूर्ण होते. कायद्याने अर्जाचा निर्णय ३० दिवसांत कळवायचा असतो. तिकडच्या बोलीत एनओसी ‘निघत’ नाही, ‘कटते’. ‘एनओसी कट गई’ असा निरोप आला की गाडी आणायला लखनौचं तिकीट काढा, त्याआधी नको.

एनओसी नुसती ‘महाराष्ट्रासाठी’ नसते. ती एका ठरावीक आरटीओच्या नावे असते. पुणे शहर एमएच १२, पिंपरी-चिंचवड एमएच १४. नागपुरात तर शहर एमएच ३१, पूर्व एमएच ४९ आणि ग्रामीण एमएच ४०. माझा एक मित्र राहतो चिंचवडला. विक्रेत्याने अर्जात ‘पुणे’ निवडलं, कारण बोलण्यात सगळे पुणेच म्हणत होते. गाडी दारात आल्यावर चूक लक्षात आली, आणि एक शब्द बदलण्यासाठी पुन्हा लखनौशी पत्रव्यवहार करण्यात दोन महिने गेले. आपल्या पत्त्याच्या पुराव्यावरचा पिनकोड कोणत्या आरटीओत येतो हे आधी पाहा आणि तो क्रमांक विक्रेत्याला लेखी पाठवा.

गाडी ताब्यात घेताना हातात असायला हवेत असे कागद:

- मूळ आरसी
- फॉर्म २८, म्हणजे एनओसी
- मालकी बदलासाठी फॉर्म २९च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, सगळ्यांवर विक्रेत्याच्या सह्या
- बोजा असल्यास फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र
- चालू विमा पॉलिसी आणि चालू पीयूसी
- गाडी चोरीची नसल्याचा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा दाखला
- मूळ खरेदीचं बिल किंवा त्याची प्रत
- विक्रेत्याच्या ओळखपत्राची, पत्त्याच्या पुराव्याची आणि पॅनकार्डाची स्वाक्षरी केलेली प्रत
- विक्रीचा करार आणि ताबा दिल्याची पावती
- दोन्ही किल्ल्या

खरेदीच्या बिलाकडे अनेकांचं लक्ष जात नाही. महाराष्ट्रात कराचा हिशोब गाडीच्या मूळ किमतीवरून होतो, म्हणून हे बिल जपून आणा.

या फॉर्मांवर चेसिस नंबरचा पेन्सिल छाप लागतो, आणि तो गाडी समोर असतानाच घ्यायचा असतो. हे काम मी स्वतः केलं आहे. चेसिस नंबर कुठे कोरलेला आहे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुधा बॉनेटच्या आत किंवा पुढच्या सीटखाली. जागा कापडाने पुसायची, पातळ कागद घट्ट दाबून धरायचा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासायची. एकेक अक्षर कागदावर उमटत येतं. सतरा अक्षरं पूर्ण झाली की आरसीशी ताडून पाहायची. एखादं अक्षर वाकडं असेल, कडेला वेल्डिंगची खूण असेल किंवा आसपासचा रंग वेगळा असेल, तर व्यवहार तिथेच थांबवायचा. छाप सहा-सात घ्यावेत. एखादा फाटला तर घरून काढता येतो हे खरं, पण लखनौच्या कार्यालयाला लागणारे छाप लखनौतच द्यावे लागतात.

ताब्याच्या पावतीवर तारखेसोबत वेळही घाला: ‘दुपारी २ वाजून १० मिनिटांनी’. त्याआधीचे दंड विक्रेत्याचे आणि त्यानंतरचे आपले. त्याच दिवशी सकाळी विक्रेत्याने लाल दिवा तोडला असेल, तर चलन पंधरा दिवसांनी येतं. ही एक ओळ लिहिलेली असली की वाद उरत नाही.

पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे. बयाणा म्हणून पाच-दहा हजार, एनओसी हाती आल्यावर मोठी रक्कम आणि किल्ली घेताना उरलेली, असे तीन टप्पे करा.

डीलरकडून घेत असाल तर

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मूळ मालकाने फॉर्म २९सी भरून गाडी डीलरच्या हवाली केल्याची नोंद झाली की तिची जबाबदारी डीलरवर येते, आणि एनओसीचा व मालकी बदलाचा अर्ज तोच करू शकतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा आणि या गाडीची २९सीची नोंद दाखवा.’ दोन्ही नसतील, तर तुम्ही ज्याला कधी पाहिलंही नाही अशा मालकाच्या सह्यांच्या भरवशावर पैसे देत आहात.

डीलर बिलावर जीएसटी दाखवत असेल तर तोही समजून घ्या. नोंदणीकृत डीलरला १८ टक्के जीएसटी पडतो तो त्याच्या नफ्याच्या फरकावर, पूर्ण किमतीवर नव्हे. पावणेचार लाखांच्या गाडीवर कुणी सरसकट १८ टक्के लावून ६७,५०० रुपये मागत असेल, तर ती मागणी मान्य करू नका. मालकाने थेट आपल्याला विकली तर जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

विमा: सगळ्यात जास्त गैरसमज इथे

‘गाडीला विमा आहे, मार्चपर्यंत चालतो’ एवढ्यावर निघू नका. कलम १५७ प्रमाणे मालकी बदलली की तृतीय पक्षाचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असं धरलं जातं, आणि नव्या मालकाने १४ दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. पण आपल्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग असा आपोआप येत नाही. झाशीजवळ ट्रकने मागून ठोकलं आणि पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर असली, तर दुरुस्तीचा खर्च खिशातून करावा लागतो.

उपाय साधा आहे. विक्रीचा करार, फॉर्म २९ आणि ३० तयार झाले की लखनौत असतानाच कंपनीकडे नाव बदलण्याचा अर्ज करा आणि पोच घ्या. पॉलिसी संपत आली असेल तर नवीच काढा.

नो क्लेम बोनस गाडीसोबत येत नाही, तो माणसाचा असतो. विक्रेत्याला ५० टक्के बोनस मिळत असेल तर तो त्याच्याकडेच राहतो आणि उरलेल्या मुदतीचा फरक आपल्याला भरावा लागतो. त्यासाठी तीन-चार हजार बाजूला ठेवा.

फास्टॅग

फास्टॅग गाडीच्या नंबराशी आणि मालकाच्या केवायसीशी बांधलेला असतो. विक्रेत्याला त्याचा बंद करायला सांगा आणि आपण नवा घ्या. जुन्यावर निघालात आणि वाटेत त्याने बंद केला, तर टोलनाक्यावर अडाल. १५ नोव्हेंबर २०२५ पासून फास्टॅग चालला नाही तर यूपीआयने सव्वापट आणि रोखीने दुप्पट टोल द्यावा लागतो. राष्ट्रीय महामार्गांवर ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास मिळतो, पण तो नंबराशी जोडलेला असतो आणि आपला नंबर थोड्याच दिवसांत बदलणार आहे. तेव्हा पास घ्यायचाच असेल तर एमएच नंबर आल्यावर घ्या.

रस्ता: झाशीला वाट फुटते

जायला मुंबई, नाशिककडच्यांसाठी पुष्पक एक्स्प्रेस सोयीची. ती लखनौ जंक्शनला, म्हणजे चारबागलाच पोचवते. थ्री एसीचं भाडं दोन हजारांच्या आत बसतं. शक्य असेल तर दोघं जा. अनोळखी गाडी आणि लांबचा रस्ता एकट्याने ओढू नये. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशात दाट धुकं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च हे महिने बरे.

पहिला दिवस लखनौ ते झाशी, सुमारे ३०० किलोमीटर. कानपूरची गर्दी टाळायला पहाटे निघा. पुढे काल्पीला यमुना ओलांडली की उरईवरून झाशी. हा दिवस मुद्दाम छोटा ठेवायचा, कारण तो गाडीच्या परीक्षेचा आहे. शंभर किलोमीटरवर थांबून चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. एक चाक इतरांपेक्षा जास्त तापलं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. रात्री झाशीत गाडी लावल्यावर इंजिनाखाली जुनं वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावरचे डाग पाहा. काळा-तपकिरी तेलकट डाग ऑइलचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. एसीचं साधं पाणी असेल तर काळजी नाही. गळती सापडली तर झाशी मोठं गाव आहे, दुरुस्ती होते. पुढच्या घाटात सापडली तर होत नाही.

झाशीतून निघताना टाकी भरा. उत्तर प्रदेशातलं पेट्रोल मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रापेक्षा स्वस्त असतं. विदर्भाकडे जाणाऱ्यांना ही संधी पुढे ललितपूरलाही मिळते, ते उत्तर प्रदेशातच आहे.

विदर्भातल्यांनी राष्ट्रीय महामार्ग ४४ धरावा: ललितपूर, सागर, नरसिंहपूर, लखनादौन, सिवनी, नागपूर. लखनौ ते नागपूर सुमारे ९०० किलोमीटर होतात. सिवनी ते नागपूरच्या टप्प्यात पेंचचं जंगल लागतं. तिथे वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून महामार्ग उचलून घेतला आहे. हा भाग उजेडात पार करावा. नागपूरहून पुढे मराठवाड्यात जायचं तर समृद्धी महामार्ग आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये इगतपुरीच्या पुढेही पूर्ण खुला झाला. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर जुने टायर तापतात, म्हणून हवा आणि टायर तपासल्याशिवाय त्यावर चढू नका.

पुणे, नाशिक, मुंबईकडच्यांना झाशीहून शिवपुरी, गुना, इंदूर, धुळे हा रस्ता जवळचा. लखनौ ते पुणे सुमारे १,४०० किलोमीटर. दुसरा मुक्काम इंदूरला करावा. होळकरांच्या या गावात मराठी बोलणारी माणसं आजही भेटतात, काही अडलं तर आपल्या भाषेत सांगता येतं. इंदूरच्या पुढे मानपूरनंतर रस्ता विंध्याद्रीवरून नर्मदेच्या खोऱ्यात उतरतो. इथला गणपती घाट ब्रेक निकामी होऊन झालेल्या अपघातांसाठी ओळखला जातो. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, ब्रेकवर पाय दाबून बसू नका आणि ट्रकपासून अंतर राखा. पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट ओलांडला की महाराष्ट्र.

गाडी चालवत आणायची नसेल तर वाहक ट्रकने पाठवता येते. अंदाजे पंधरा ते पंचवीस हजारांत काम होतं. पेट्रोल, टोल आणि मुक्काम मिळून १९ हजार होतात, तेव्हा वयस्कर किंवा एकट्या माणसासाठी हा पर्याय शहाणपणाचा आहे.

महाराष्ट्रात आल्यावर

‘दुसऱ्या राज्याचा नंबर वर्षभर चालतो’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. कलम ४७ मधली १२ महिन्यांची मुदत गाडी दुसऱ्या राज्यात ठेवण्याबद्दलची आहे. विकत घेतलेल्या गाडीची मालकी बदलण्यासाठी मात्र कलम ५० प्रमाणे खरेदीदाराला ३० दिवसांतच आपल्या आरटीओकडे अर्ज करायचा असतो. दोन्ही कामं एकत्र करता येतात: फॉर्म ३० मालकीसाठी, फॉर्म २७ नव्या नंबरासाठी. मग कर भरायचा, ठरल्या दिवशी गाडी निरीक्षकाला दाखवायची आणि नवा नंबर घ्यायचा.

महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या नव्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के. परराज्यातून आलेल्या गाडीला हा कर वयानुसार कमी होतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा आपल्या आरटीओतून बयाणा देण्यापूर्वी काढून घ्या, कारण संपूर्ण व्यवहारातला सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. उत्तर प्रदेशात आधी भरलेल्या कराचा उरलेल्या मुदतीचा परतावा मागता येतो, पण त्यासाठी इथे नव्याने नोंदणी झाल्याचा पुरावा लागतो. तो परतावा कुणाला, हे करारात लिहून घ्या. तो मिळेलच असं धरून सौदा मात्र करू नका.

गाडीला बीएच मालिकेचा नंबर असेल तर नियम वेगळे आहेत. आपण त्या मालिकेला पात्र आहोत का, म्हणजे सरकारी नोकरीत किंवा चार वा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी संस्थेत आहोत का, हे आधी पाहावं.

एकूण हिशोब

उदाहरण म्हणून २०२१ची पेट्रोल हॅचबॅक धरू. मूळ किंमत साडेसहा लाख, लखनौतला ठरलेला भाव ३,७५,००० रुपये, पोचायचं पुण्याला. दोघांचा परतीचा प्रवास, लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल सरासरी १०२ रुपये असं गृहीत धरलं आहे.

- पाहणीसाठी पहिली फेरी, एक मुक्काम: ६,०००
- मेकॅनिकची तपासणी: २,०००
- गाडी आणायला दोघांचं रेल्वे भाडं: ४,०००
- लखनौतले कागद, छायाप्रती, करार: १,५००
- विमा नावावर करणं आणि बोनसचा फरक: ४,०००
- निघण्यापूर्वी ऑइल, फिल्टर, बॅटरी किंवा एखादा टायर: ६,०००
- पेट्रोल: ९,५००
- टोल: २,५००
- दोन मुक्काम, दोघांचं जेवणखाण: ७,०००
- महाराष्ट्राचा कर: ५०,००० राखून ठेवा. नवी असती तर ११ टक्क्यांनी ७१,५०० झाले असते
- नव्या नंबराचं शुल्क ६००, मालकी बदलाचं ३००, स्मार्ट कार्ड आणि नवी नंबर प्लेट धरून: २,५००

एकूण ९५,००० रुपये. म्हणजे गाडी पडली ४,७०,००० रुपयांना. एजंट घेतलात तर त्याचं वेगळं, आणि कर्जावर घेतलीत तर बोजा नोंदवण्याचे १,५०० आणखी.

या हिशोबातून निघणारा नियम असा: तशीच गाडी पुण्यात ४,७०,००० किंवा त्याहून कमी किमतीला मिळत असेल, तर लखनौला जाऊ नका. अडीअडचणीचे पंचवीस हजार धरून किमान सव्वा लाखाचा फरक दिसला, तर जाण्यात अर्थ आहे. गाडी जितकी महाग, तितका कर मोठा, आणि फरकही तितकाच मोठा हवा. दहा-बारा वर्षांच्या स्वस्त गाडीसाठी तर हा प्रवास करूच नका. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्कच ५,००० रुपये आहे आणि फिटनेसची तपासणी वेगळी.

शेवटचं काम लखनौचं

एमएच नंबरची आरसी हाती आली की विमा कंपनीला नवा नंबर कळवा, नवा फास्टॅग घ्या आणि त्याच दिवशी आरसीची एक प्रत लखनौच्या विक्रेत्याला पाठवा. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल, गाडी पुढे किती हातांत गेली हे पाहिलं जाणार नाही. म्हणजे आपण पुण्यात गाडी फिरवत असताना, कागद पूर्ण होईपर्यंत, तिचा भार लखनौतल्या त्या माणसाच्या डोक्यावर असतो. त्याने आपल्या भरवशावर सह्या करून दिल्या आणि किल्ली हातात ठेवली. तो भार उतरल्याचं त्याला कळवणं हा या व्यवहाराचाच भाग आहे. त्यानंतरच गाडी खऱ्या अर्थाने आपली झाली.